भाचीची परीक्षा आणि गावाचे कोट

सगळ्या बंगळुरात माझ्या मामांइतका वेळेचा विचार केलेला माणूस झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या उशिरा कपडे देणारा शिंपीही झाला नसेल. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदत होत्या हे ज्यांनी त्यांचं चिकपेठेतलं दुकान पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आमचे पूर्वज म्हणे कधीकाळी मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले. फौज परत गेली आणि आम्ही राहिलो. "तंबू वेळेवर दिले नसतील, म्हणून सोडून गेले," असं माझे वडील, म्हणजे आप्पा, म्हणत. आप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मेहुण्याबद्दल बोलताना त्यांना फार दूरचा इतिहाससुद्धा चालायचा.

मामांच्या मते प्रत्येक कपड्याला तीन तारखा असतात. एक गिऱ्हाइकाला सांगायची, एक कारागिराला सांगायची आणि एक आपल्या मनात ठेवायची. कारागिराला नेहमी अलीकडची सांगायची, कारण माणूस मुदत संपल्याशिवाय सुई हातात घेत नाही. गिऱ्हाइकाला सोईची सांगायची, कारण त्याला त्या दिवशी आनंदाने घरी जाता आलं पाहिजे. मनातली तारीख मात्र मामींनाही कधी कळली नाही. कोणी कपडे मागायला आलं की मामा "नाळे बन्नी, सार," म्हणजे उद्या या साहेब, असं इतक्या प्रेमाने म्हणत की ते ऐकायला माणसं खरंच दुसऱ्या दिवशी येत. एका व्यापाऱ्याने मुलाच्या मुंजीसाठी टाकलेला स्वतःचा कोट त्याला मुलाच्या लग्नात मिळाला, अशी एक गोष्ट पेठेत सांगत. मामांना तिचा राग यायचा. "साफ खोटं," ते म्हणायचे, "पोरगा मॅट्रिक झाला तेव्हाच दिला होता."

आणि तरीही दुकान भरलेलं असायचं. एक तर मामांचा कोट एकदा अंगावर चढला की माणसाचा खांदा जन्मात पहिल्यांदा सरळ दिसायचा. दुसरं म्हणजे दुकानातला तो लांबलचक बाक. भांडायला आलेल्या माणसाला आधी "कूतकोळ्ळी" म्हणून बसवायचं, शेजारच्या हॉटेलातून कॉफी मागवायची, आणि कॉफी संपेपर्यंत त्याचं भांडण बाकावरच्या दुसऱ्या कोणाच्या गप्पांत विरघळून गेलेलं असायचं. काही लोक तर कपडे मिळाल्यावरही सवयीने येत, आणि मग नाइलाजाने नवीन पँट शिवायला टाकत.

मी बी.एस्सी. झाले ते साठच्या दशकाच्या मध्यावर. त्याच सुमारास मामांकडे ट्रायलला उभ्या असलेल्या एका कंपनीच्या मॅनेजरने सांगितलं की उत्तरेकडे धंद्याचं शिक्षण देणारी नवीन संस्था निघाली आहे, तिला मोठी प्रवेश परीक्षा असते, आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरांना कंपन्या दारात उभ्या राहून घेऊन जातात. मामांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून त्यांनी कोटाला लावल्या आणि मग विचारलं, "पोरीना घेतात काय, सार?" मॅनेजर म्हणाले, नियमात नाही असं कुठे म्हटलेलं नाही. तेवढं पुरे झालं. संध्याकाळी मामा आमच्या घरी हजर. "पुट्टी धंद्याच्या शाळेत जाणार," असं त्यांनी दारातच जाहीर केलं. पुट्टी म्हणजे मी. मी बावीस वर्षांची झाले तरी मामांना छोटी मुलगीच होते.

आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या मनात हुबळीचं एक स्थळ होतं, मुलगा इंजिनियर, घरचं कापडाचं दुकान, लोक सज्जन. "धंदा शिकायला शाळेत कशाला जायला पाहिजे? आणि तुमच्याकडून धंदा शिकायचा तर नकोच," असं ते म्हणाले. पण माझी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, दारातल्या उजेडात कोटाची काजं करत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "परीक्षा दिली तर काय जातंय?" आई फारशी कधी मध्ये बोलत नसे, त्यामुळे आप्पा थोडे गडबडले आणि म्हणाले, "सरी, देऊ दे. एकदाच. पास झाली तर जाऊ दे, नाही झाली तर हुबळी." मला तर तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं. पण परीक्षेचं नाव ऐकलं आणि मला जायचंच आहे हे मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला दुकानात बोलावून माझं माप घेतलं. म्हणजे कॉफी येईपर्यंत मी किती गणितं सोडवते, इंग्रजी वर्तमानपत्राचा एक रकाना वाचताना कुठे अडखळते, आकडे पाहिले की डोळे मिचकावते का, हे सगळं गळ्यात टेप अडकवून पाहिलं. मग कोटाचे नमुने कापायचा मोठा खाकी कागद टेबलावर पसरला आणि खडूने माझ्या अभ्यासाचं कटिंग केलं. पाठीचा भाग गणिताला, कारण पाठ चुकली की कोट गेला. दोन बाह्या इंग्रजीच्या, एक वाचायची आणि एक लिहायची. आलेख आणि तक्ते म्हणजे खिसे. "आणि सामान्य ज्ञान?" मी विचारलं. "ते अस्तर. बाहेरून दिसत नाही, पण नसलं तर साहेब लोकाना लगेच कळतं." प्रत्येक भागाच्या कडेला त्यांनी बोटभर जागा सोडली होती. तो दाब. माणूस जाड झाला तर कोट उसवून सैल करता यावा म्हणून शिंपी आत जे कापड दुमडून ठेवतो ते. "आजारपण, पाहुणे, आणि रडायला बसशील ते दिवस," मामा म्हणाले. मी पुढे खूप मोठमोठ्या कारखान्यांची वेळापत्रकं पाहिली. रडायला जागा ठेवलेलं एकही नव्हतं.

हा कागद भिंतीवर टांगला गेला आणि पहिल्याच शुक्रवारी मामींनी दुकान झाडताना फडक्याने पुसला. शिंप्याचा खडू तो, तसाच असतो. मामांनी तो पुन्हा काढला. पुन्हा पुसला गेला. असं दर आठवड्याला व्हायचं, आणि दर वेळी पाठ थोडी रुंद नि बाह्या थोड्या लांब व्हायच्या. मला वाटायचं, हे निव्वळ थोतांड आहे. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की खरी योजना कागदावर नव्हतीच. ती बाकावर होती.

झालं होतं असं की मामांनी आपल्या गिऱ्हाइकांची वर्गवारी करून टाकली होती. बँकेतले एक अकाउंटंट होते, त्यांच्या कोटाला बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. ते विचारायला आले की मामा म्हणत, "आज संध्याकाळी नक्की होतो, सार. बसा. तोवर आमच्या पुट्टीला जरा शेकडेवारी..." अकाउंटंट शेकडेवारी शिकवत. संध्याकाळी एक बाही लागायची. "दुसरी उद्या. उद्या चक्रवाढ व्याज घ्या." येलहंक्याहून विमानदलातले एक तरुण अधिकारी बसने यायचे. त्यांच्या ब्लेझरला बटणं लागायची होती. ते मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि मला झटपट उत्तरं द्यायची सवय लावत. एक आलेख बरोबर वाचला की मामा खूश होऊन एक बटण लावत. त्यांच्या बटणांना इतके दिवस लागले की त्यांच्या वरिष्ठांनी चौकशी केली म्हणतात. पण मुलगा मोठा गुणी. बटणं संपल्यावर स्वतःहूनच एक तोडून परत आला.

सगळ्यात मोठी कसोटी होती ती बसवनगुडीच्या प्रोफेसरांची. निवृत्त होते, इंग्रजी शिकवण्यात हयात गेलेली, आणि रागीट. त्यांच्या दोन पँटा मामांकडे होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी छत्री आपटली आणि इंग्रजीत सुनावलं. मामांना त्यातला एक शब्द कळला नाही. त्यांनी त्यातलाच एक उचलून लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "याचा अर्थ काय गं?" मलाही आला नाही. प्रोफेसर थबकले. छत्री भिंतीला टेकवून बसले आणि म्हणाले, हा शब्द न येता ही मुलगी प्रवेश परीक्षेला बसणार? तेव्हापासून ते रोज येऊ लागले. महिन्याभराने मामांचं मन द्रवलं आणि त्यांनी दोन्ही पँटा इस्त्री करून त्यांच्या हातात ठेवल्या. प्रोफेसरांनी त्या पाहिल्या, घातल्या, आरशात पाहिलं, आणि अगदी पडेल आवाजात म्हणाले, "कमरेत थोड्या सैल वाटतात. परत घ्या." त्या कमरेत अगदी बरोबर होत्या, हे मी खात्रीने सांगते.

अशा रीतीने सगळ्या गावाचे कोट अडकवून माझा अभ्यास झाला. आप्पा कचेरीतून परत येताना दुकानासमोरून जात आणि आत न पाहता चालल्यासारखं करत. परीक्षेचं प्रवेशपत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं, कारण अर्ज मामांनीच धाडला होता. तारीख त्यांनी घरी येऊन सांगितली, रविवारची होती, आणि आप्पांनी ती कॅलेंडरवर स्वतः निळ्या पेन्सिलीने खुणावली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी माझी जी अवस्था झाली ती काय सांगावी. जेवण जात नव्हतं, त्रैराशिक आठवत नव्हतं. मी दुकानात गेले आणि म्हटलं, "मामा, उद्या माझ्याने होणार नाही." मामा कात्री चालवतच म्हणाले, "उद्या कुठे आहे? पुढच्या रविवारी आहे."

"पण उद्याची तारीख तुम्हीच सांगितली होती!" मी ओरडले.

"कारागिराला खरी तारीख सांगतात काय कधी?" मामा म्हणाले. "आता तुझं सगळं तयार आहे. आठवडाभर फक्त इस्त्री करायची."

मला त्या माणसाच्या गळ्यात पडावं की गळा धरावा हे कळेना. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नाचत घरी आले आणि आप्पांना सांगितलं. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. परीक्षा उरकलेली असेल या हिशेबाने त्यांनी हुबळीच्या मंडळींना मुलगी पाहायला नेमकं पुढच्या रविवारी सकाळी दहाला बोलावलं होतं. परीक्षाही दहालाच. मुलाकडचे लोक पत्र पोचताच तयारीला लागले होते, आणि बोलावलेल्या माणसांना नको म्हणून कळवणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. "मी शब्द दिलाय," एवढंच ते म्हणत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसून राहिले, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आता हे सगळं खरंच हातातून जाणार. मी दाबातली जागा वापरून टाकली. पोटभर रडले.

मामा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक झाली वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "भाऊजी, मंडळी शनिवारीच येणार ना? उतरणार कुठे?" ती बळेपेठेत नात्यातल्या एकांकडे उतरणार होती. "मग बरं," मामा म्हणाले आणि निघून गेले.

शनिवारी संध्याकाळी मामा हार आणि फळं घेऊन पाहुण्यांकडे गेले. मुलाची विचारपूस केली. रात्रभराच्या गाडीने त्याचा कोट चुरगळला होता. मुलीच्या मामांनी तो पाहून अशी हळहळ व्यक्त केली की घरातल्या बायकांनाही वाईट वाटलं. "इस्त्री मारून सकाळी आठाला आणून देतो," असं म्हणून त्यांनी कोट उचलला, आणि उचलताना हळूच पँटही उचलली. ज्या गावात मामांना कोणी ओळखत नव्हतं अशा गावाचे ते लोक. त्यांनी उलट आभार मानले.

रविवारी मी दहाला परीक्षेला बसले. तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर बाकावरच्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. आठ वाजले, नऊ वाजले, तेव्हा मुलगा यजमानांचं धोतर नेसून वडिलांबरोबर दुकानात आला. मामा कोटाची कॉलर उसवून बसले होते. "इस्त्री करताना बघितलं, मानेवर बसतच नव्हती. असा कोट घालून आमच्या दारात कसं येऊ देऊ तुम्हाला? कूतकोळ्ळी." कॉफी आली. वडील तापले होते, पण ते कापडाचे व्यापारी. मामांनी त्यांच्या हातात अस्तराचं कापड देऊन मत विचारलं आणि ते त्यात गुंतले. प्रोफेसर, अकाउंटंट, येलहंक्याचे अधिकारी, सगळे त्या दिवशी हजर होते. माझी परीक्षा चालू असताना घरी बसवेना म्हणून. त्यांनी त्या मुलाला मध्ये बसवून घेतलं. इतके दिवस मला विचारत होते, आता मी नव्हते, तर त्यालाच विचारायला लागले.

पाहण्याचा कार्यक्रम दुपारी अडीचला झाला. माझ्या बोटांना शाई होती आणि साडी चुरगळलेली. मुलाचा कोट मात्र असा बसला होता की मी जरा वेळ पाहतच राहिले. आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मुलीला काही विचारायचंय का? मुलगा म्हणाला, "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, चांगला. तो हसला आणि म्हणाला, "जाणारच. मला सकाळपासून त्या प्रोफेसरांनी पाच शब्द विचारले, एकही आला नाही." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, यांना आधी शिकू द्या, काय घाई आहे?" वडील "कळवतो" म्हणाले. त्यांनी अजून कळवलेलं नाही. मुलगा मात्र पुढे कितीतरी वर्षं हुबळीहून येऊन मामांकडेच कोट शिवत असे, आणि आपल्या लग्नाचा कोट त्याने एक वर्ष आधी टाकला होता.

मी पास झाले. निकाल आला त्या दिवशी मामांनी अडकवलेले सगळे कपडे एकदम देऊन टाकले. लोक हातात बोचकी घेऊन बाकावरच बसून राहिले, कोणाला घरी जायचं नव्हतं. आप्पांनी पेढे आणले आणि कॅलेंडरवरची ती चुकीची निळी खूण खोडरबराने पुसून काढली. "उगाच राहायला नको," असं म्हणाले.

मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ते दुकानात दिसत नाहीत, स्टेशनावर दिसतात. पुण्याकडे जाणारी गाडी लागली होती, पुढे बदलून जायचं होतं. आप्पा हमालाशी बोलत होते. मामा माझी ट्रंक नीट लागली की नाही ते पाहून खाली उतरले, आणि कोणी काही विचारलेलं नसताना आप्पांना म्हणाले, "हिला मी शाळेतून काढली तेव्हा ही पाचवीत पहिली आली होती." हिला म्हणजे माझ्या आईला. "आमचे बाबा गेले, दुकानात काजं करायला कोणी नव्हतं. म्हटलं, एक वर्ष फक्त. पुढच्या वर्षी परत घालतो. पुढच्या वर्षी परत तेच म्हटलं." हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आप्पाही. आई म्हणाली, "होगली बिड, अण्णा. जाऊ दे. आता कशाला ते?"

पण मग तिने पदर खोचला आणि डब्यात चढली. "बघू तरी कसं वाटतं," असं म्हणून माझ्या जागेवर, खिडकीपाशी बसली. माझी पुस्तकांची पिशवी तिने मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि समोर पाहायला लागली, कुठेतरी निघाल्यासारखी. मी खालीच उभी राहिले. शिट्टी झाली तरी तिला ऊठ म्हणवेना.

मामा तोवर प्लॅटफॉर्मवरून धावत गार्डापाशी पोचले होते. हात जोडून ते त्याला म्हणत होते, "सार, स्वल्प ताळी. इन्नोंदु निमिष, सार." थोडं थांबा, अजून एकच मिनिट. गार्डाने घड्याळ पाहिलं, मग आमच्या खिडकीकडे पाहिलं, आणि हिरवा झेंडा काखेत धरून तो तसाच उभा राहिला.